गेमिंगच्या छोट्या साइटला कुलूप कशाला?

गेल्या शनिवारी सकाळी विकांताचा पहिला चहा अजून हातातच होता, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. नववीत आहे, नाशिकला असतो. मामाची आठवण त्याला साधारणपणे वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात येते, त्यामुळे मी जरा सावधच होतो.

"मामा, ते एसएसएल सर्टिफिकेट घ्यावंच लागतं का रे?"

च्यायला, म्हटलं, प्रगती आहे! मी नववीत असताना मामाला सायकलच्या पंक्चरबद्दल विचारत होतो.

प्रकरण असं होतं. तो आणि त्याचे वर्गमित्र मिळून माइनक्राफ्टचा एक सर्व्हर चालवतात. त्याची एक छोटीशी साइट आहे. तिच्यावर नियम, कोण कितव्या नंबरावर आहे त्याची यादी, कुणी कुणाचं घर पाडलं तर तक्रार करायची जागा, आणि नव्या मुलाला आत यायचं असेल तर भरायचा फॉर्म. सभासद चाळीसच्या आसपास, सगळे बारा ते सोळा वयाचे. डोमेनचे पैसे ताईने दिले. आता होस्टिंगवाल्याने तिला मेल पाठवलं होतं की साइट 'असुरक्षित' दिसते आहे, वर्षाला चोवीसशे रुपये भरा, आम्ही सर्टिफिकेट बसवून देतो. ताई म्हणाली, आधी मामाला विचार, मग बघू.

"आणि तसंही मामा, आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? बँक थोडीच आहे ही!"

हे वाक्य ऐकलं आणि चहा गार होईपर्यंत मी काही बोललो नाही. कारण अगदी हेच वाक्य, 'बँक थोडीच आहे' सकट, मी २००५ साली म्हटलं होतं.

तेव्हा मी पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलवर आमची काउंटर-स्ट्राइकची टीम होती. तिला आम्ही मोठ्या ऐटीत 'क्लॅन' म्हणायचो. खेळ १.६, मॅप बहुतेक वेळा डस्ट टू, आणि मॅच रात्री अकरानंतर, कारण त्याआधी लोकांना अभ्यासाचं नाटक करावं लागायचं. या क्लॅनची साइट मी बनवली होती. पीएचपीबीबी नावाचं फुकट सॉफ्टवेअर एका स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चढवलं, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं टाकली (त्या काळी प्रत्येक गेमिंग साइटला ती सक्तीच असावी असं वाटतं), आणि झालो मी 'वेबमास्टर'. मॅचचे निकाल, पुढच्या मॅचची वेळ, आणि एकमेकांना शिव्या. पासठ-सत्तर पोरं लॉगिन करून असायची.

कंप्युटरवाल्या एका मित्राने मला विचारलंही होतं, की लॉगिन उघड्यावर चाललंय, त्याला कुलूप नको का? मी ते वरचं वाक्य फेकलं. शिवाय पीएचपीबीबी पासवर्ड एमडीफाइव्ह करून डेटाबेसात ठेवतं, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यावर खूश होतो. डेटाबेसात पोचेपर्यंत तो पासवर्ड ब्राउझरमधून साध्या अक्षरांत चालत येतो, हे डोक्यातच आलं नाही.

हॉस्टेलच्या नेटवर्कला तेव्हा स्विच नव्हते, हब होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हबला अक्कल नसते. एका वायरीतून जे आलं ते तो बाकीच्या सगळ्या वायरींत ओततो. ज्याचं त्याने उचलावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं, असा सगळा सज्जनपणाचा कारभार. एके दिवशी आमच्या रूमवर नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी कुणीतरी एथेरिअल चालू केलं. (याचंच नाव २००६ साली वायरशार्क झालं.) पडद्यावर ओळी धावत होत्या, आणि मध्येच एका ओळीत आमच्या साइटचं नाव, एका पोराचं टोपणनाव आणि त्यापुढे त्याचा पासवर्ड. स्वच्छ. वाचता येईल असा. रूममध्ये सहा-सात जण होते. सगळे खो-खो हसलो, कारण पासवर्ड एका नटीच्या नावाचा होता.

ते पोर म्हणजे आमचा ऑपवाला. (ऑप म्हणजे ती एका गोळीत माणूस गार करणारी लांब बंदूक.) सांगलीचा, दुसऱ्या वर्षाचा, कमी बोलणारा. दहा-बारा दिवसांनी त्याचं मेल उघडेना. पासवर्ड बदललेला, गुप्त प्रश्नाचं उत्तरही बदललेलं. त्याचे वडील मस्कतला नोकरीला होते. फोन महाग, म्हणून दर शुक्रवारी ते मेल लिहायचे, रोमन लिपीतलं मराठी, दोन वर्षांची सगळी मेलं त्या खात्यात. ती त्याला परत मिळाली नाहीत. कुणी केलं ते कळलं नाही. त्या रूममधल्यांपैकी कुणी असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या रूममध्ये कुणी तीच करामत शिकलेला असेल.

कसं झालं हे मात्र मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या मेलच्या लॉगिनला तेव्हाही कुलूप होतं, चांगलं भक्कम. पण त्या कुलपाची किल्ली तो रोज रात्री आमच्या साइटवर घेऊन यायचा आणि आम्ही ती तुळशीच्या कुंडीमागे ठेवायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्याला हे मी तेव्हा सांगितलं नाही. २०१४ साली एका लग्नात भेटला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे रे, तेव्हा कुणाला काय कळत होतं." आणि मग विषय बदलला, जरा जास्तच लवकर.

असो.

तर माझं मत एका वाक्यात: साइट बँक नाही हे खरं, पण पासवर्ड बँकेचा असू शकतो. गेमिंगच्या साइटवर पोरं नवा पासवर्ड बनवत नाहीत, डोक्यात असलेला टाकतात. तोच मेलचा, तोच आईच्या मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपचा. तेव्हा 'आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे' हा प्रश्न साइटवाल्याने स्वतःला विचारून उपयोगाचा नाही. चोरीला जाणारा माल त्याचा नसतोच. आणि सभासदाच्या हातात काही नसतं. कुलूप लावायचं की नाही हे ठरवतो साइटवाला, आणि त्याचं फळ भोगतो सांगलीचा पोरगा.

सर्टिफिकेट नेमकं करतं काय, हे भाच्याला मी पोस्टाच्या भाषेत सांगायला गेलो. एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड, एचटीटीपीएस म्हणजे चिकटवलेलं आंतर्देशीय. तो म्हणाला, आंतर्देशीय म्हणजे? :-) मग साध्या शब्दांत सांगितलं. कुलपाची तीन कामं. मधला कुणी वाचू शकत नाही. मधला कुणी बदलू शकत नाही. आणि तुझा ब्राउझर ज्या नावाशी बोलतोय त्या नावाचा ताबा खरंच ज्याच्याकडे आहे त्याच्याशीच बोलतोय, याची खात्री. सर्टिफिकेट हे या तिसऱ्या कामाचं ओळखपत्र. ते पटल्याशिवाय पहिल्या दोन कामांना अर्थ नाही, कारण चोराशीच गुपचूप बोलून काय फायदा?

यातलं दुसरं काम लोक विसरतात. आमच्याकडे लॉगिनच नाही, नुसते निकाल आणि मॅप आहेत, मग? असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना मी २०१५ सालच्या दोन गोष्टी सांगतो. त्या वर्षी जूनमध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला दिसलं की एअरटेलच्या थ्रीजीवरून त्याची साइट उघडली की पानात मूळ साइटवर नसलेली जावास्क्रिप्ट चिकटून येते. त्याने ते पुराव्यासकट मांडलं, तर ते तंत्र बनवणाऱ्या इस्रायली कंपनीने त्यालाच कायदेशीर नोटीस धाडली. दुसरी गोष्ट त्याआधीची, मार्चमधली. चीनबाहेरचे लोक ज्या साध्यासुध्या साइट बघत होते त्यांच्यावर बायडूची एक स्क्रिप्ट कुलपाशिवाय येत होती. ती वाटेत बदलली गेली आणि बघणाऱ्यांचे ब्राउझर त्यांच्या नकळत गिटहबवर मारा करायला जुंपले गेले. हे बरेच दिवस चाललं. त्या लोकांकडे किंवा त्या साइटवर चोरण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांच्या वाटेवर कुलूप नव्हतं, एवढंच पुरलं.

आणि गेमिंगच्या साइटवर 'नुसते मॅप' कधीच नसतात. मॉड असतात, पॅच असतात, स्किन असतात, कुणीतरी बनवलेली चालवायची फाइल असते. वाटेत बदलता येईल अशी चालवायची फाइल चौदा वर्षांच्या मुलाला, बाबांच्या लॅपटॉपवर उघडायला देणं, हे मला लॉगिनपेक्षाही जास्त भीतीदायक वाटतं.

आता पैशाचं. २००५ साली मी कुलूप लावलं नाही त्यात माझा आळस होता, पण थोडा भाग परिस्थितीचाही होता. सर्टिफिकेट विकत घ्यावं लागे, आणि शिवाय प्रत्येक कुलूपवाल्या साइटला स्वतःचा वेगळा आयपी पत्ता लागे. एकाच पत्त्यावर अनेक कुलूपवाल्या साइट ठेवायची सोय नंतर आली, आणि विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती शेवटपर्यंत कळली नाही. वडापावच्या बजेटमध्ये होस्टिंग बसवणाऱ्याला हे परवडत नसे. मोठ्या साइटसुद्धा तेव्हा फक्त लॉगिनचं पान झाकायच्या आणि बाकी उघडं ठेवायच्या. २०१० च्या ऑक्टोबरात फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक छोटं एक्स्टेंशन आलं. कॉफीच्या दुकानातल्या उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं, की शेजारच्या टेबलावरच्या लोकांची फेसबुक खाती यादीत हजर! पासवर्ड लागायचाच नाही, उघड्यावर फिरणारी कुकी पुरायची. तेव्हापासून 'लॉगिनपुरतं कुलूप' हा प्रकार कुणी शहाणा माणूस सुचवत नाही. लावायचं तर सगळ्या साइटला.

ही पैशाची सबब संपली ३ डिसेंबर २०१५ ला. त्या दिवशी लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुलं झालं. कॅलिफोर्नियातली ना नफा संस्था, सर्टिफिकेट फुकट, आणि मुख्य म्हणजे मागण्यापासून नूतनीकरणापर्यंत सगळं यंत्राने यंत्राशी बोलून. जानेवारी २०१७ पासून क्रोम पासवर्ड मागणाऱ्या उघड्या पानांना 'नॉट सिक्युअर' म्हणू लागला, आणि जुलै २०१८ पासून सगळ्याच उघड्या पानांना. ताईला आलेल्या मेलमधला 'असुरक्षित' हा शब्द तिथूनच आलेला.

मग चोवीसशे रुपये कशाचे? खरं सांगायचं तर भीतीचे. विकतच्या साध्या सर्टिफिकेटची कूटलेखनाची ताकद फुकटच्यापेक्षा तसूभरही जास्त नसते. पूर्वी महागातलं घेतलं तर पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या रंगात झळकायचं, तेवढी तरी मिरवणूक होती. क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ साली तीही काढून टाकली. कंपन्यांना कागदपत्रांसाठी, करारांसाठी लागत असेल विकतचं, नववीतल्या मुलांना नाही. माझं स्पष्ट मत: सर्टिफिकेट हवंच, आणि त्यासाठी एक रुपयाही द्यायचा नाही.

पण फुकटच्या कुलपाला एक अट आहे: त्याचं नूतनीकरण आपोआप व्हायला हवं. माझ्या ओळखीच्या एकाने कॅलेंडरवर खूण करून दर तीन महिन्यांनी हाताने सर्टिफिकेट चढवायचा नेम धरला होता. तीनदा जमलं. चौथ्यांदा तो लग्नासाठी गावी गेला, आणि त्याच्या साइटवर नेमकी त्या शनिवारी संध्याकाळी स्पर्धा. खेळाडूंना पानभर लाल इशारा. मग ग्रुपवर सूचना गेली, 'ॲडव्हान्स्ड दाबा, मग तरीही पुढे जा दाबा.' झालं! म्हणजे खऱ्या धोक्याच्या वेळी नेमकं जे करू नये ते चाळीस पोरांना शिकवून मोकळा. यापेक्षा साइट रात्रभर बंद ठेवली असती तर बरं. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची आठवण देणारी मेलंही जून २०२५ पासून बंद केली आहेत. आणि विकतच्या सर्टिफिकेटलाही आता वर्षभराचं आयुष्य उरलेलं नाही. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांनी एप्रिल २०२५ मध्ये मिळून ठरवलं, की कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, पुढच्या वर्षी त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. हाताने करणाऱ्याने तेव्हा वर्षात आठ वेळा करावं!

कुलूप नको असं मी म्हणेन अशा जागा थोड्याच. सायबर कॅफेत किंवा घरच्या लॅनवर, १९२.१६८ वाल्या पत्त्यावर चाललेला गुणफलक असेल तर उगाच डोकेफोड करू नये. आणि जुन्या खेळांची जी मंडळी आहेत, विंडोज ९८ चं मशीन अजून जिवंत ठेवून त्यावर खेळणारी, त्यांची अडचण खरी आहे. त्या मशीनवरच्या ब्राउझरला आजचं कुलूप उघडताच येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा कितीतरी जुनी यंत्रं एका रात्रीत बाहेर पडली. अशांसाठी फाइली उघड्यावर ठेवाव्यात, पण त्यांचे चेकसम कुलपाच्या पानावर द्यावेत, आणि लॉगिन त्या उघड्या भागात अजिबात नको.

बरं, कुलूप लावलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. काउंटर-स्ट्राइकची स्किन फुकट देतो म्हणून स्टीमचा पासवर्ड मागणाऱ्या बनावट साइटनाही कुलूप असतं. नावाचा ताबा आहे एवढंच सर्टिफिकेट सांगतं, माणूस भला की बुरा ते नाही. आणि साइटचं कुलूप खेळाच्या दाराला लागत नाही. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये सर्व्हर चालवायचा आरकॉन पासवर्ड साध्या अक्षरांतच जायचा. माइनक्राफ्टचा सर्व्हर ऑफलाइन मोडमध्ये ठेवला (का ठेवतात ते सगळ्यांना माहीत आहे, मी नववीतल्या मुलांच्या नैतिकतेवर बोलणार नाही), तर खेळाची जोडणी सहसा कूटबद्ध होतच नाही. मग पोरं चॅटच्या खिडकीत लॉगिन लिहून पुढे जो पासवर्ड टाकतात तो उघडाच. भाच्याला विचारलं, तुमचा कुठला मोड? तो म्हणाला, "मामा, नेटवर्क जातंय, आवाज नीट येत नाहीये."

रविवारी दुपारी आम्ही दोघं पडदा शेअर करून बसलो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये चोवीसशेची मोठी जाहिरात होती आणि तिच्या खाली, बारीक अक्षरांत, फुकटच्या सर्टिफिकेटचं बटण. दहा मिनिटांत काम झालं, नूतनीकरणासकट. मग उघड्या पत्त्यावर येणाऱ्याला कुलपाच्या पत्त्याकडे वळवणं. मग वरचा बॅनर दिसेनासा झाला, कारण त्याच्या चित्राचा पत्ता अजून उघड्यावरचाच लिहिलेला होता, तो दुरुस्त केला. भाचा खूश. मी म्हटलं, आता जरा आतलं दाखव.

लॉगिनचा भाग कुणाच्यातरी दादाने पीएचपीत लिहून दिला होता. डेटाबेसचा तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात मेल, तिसऱ्यात पासवर्ड. एमडीफाइव्ह वगैरे काही नाही, जसाच्या तसा. पीएचपीत यासाठी तयार फंक्शन २०१३ पासून आहे, दादाला ते कुणी सांगितलं नसावं. दाराला नवंकोरं कुलूप, आणि आत ओट्यावर चाळीस किल्ल्या नावानिशी मांडलेल्या.

"हे तू वाचलं होतंस?" मी विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"सगळं." मग जरा थांबून म्हणाला, "मामा, मी काही केलं नाही रे. खरंच."

माझा विश्वास आहे. त्या सहा-सात जणांवरही माझा होताच.

खरं म्हणजे त्यांना स्वतःचा पासवर्ड ठेवायची गरजच नव्हती, सगळी मुलं डिस्कॉर्डवर आहेतच, तिथूनच लॉगिन घेता येतं. ते जोडायला संध्याकाळ गेली. मग तिसरा रकाना कायमचा पुसला. त्याआधी मी त्याला ग्रुपवर एक निरोप टाकायला लावला. तो 'तांत्रिक कारणास्तव' असं काहीतरी लिहीत होता, ते मी खोडायला लावलं. शेवटी त्याने त्याच्या भाषेत लिहिलं: 'भावांनो, साइटवर जो पासवर्ड टाकला होता तोच दुसरीकडे कुठे असेल तर आजच बदला. तो आम्हाला दिसत होता. चूक आमची आहे, सॉरी.'

पाठवायचं बटण दाबायला त्याने बराच वेळ घेतला. पहिलं उत्तर मिनिटभरात आलं.

'कुठला पासवर्ड रे? माझा एकच आहे.'